खोटे तीन दिवस

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, मावशीला नाही—मावशीला अर्धं ठाऊक होतं, पण त्यातही मी खोटं कालवलं होतं. देवापुढे तर मुळीच नाही. देवाशी माझं बोलणं कधीचंच तुटलं आहे. तुम्हाला सांगते, कारण तुमची माझी ओळख नाही, आणि उद्या पाणवठ्यावर आपली गाठ पडायची नाही.

एक आधीच सांगून ठेवते—मी रडून सांगणार नाही. मला राग येतो. सासूबाईंचा येतो, वैद्याचा येतो, त्या गेलेल्या भल्या माणसाचाही येतो. सगळ्यांचा येऊन झाला की उरतो तो कोणाचा, ते पुढे कळेलच.

माझं माहेर कल्याणचं, सासर ठाण्याचं. मासुंदा तळ्याच्या मागच्या आळीत घर. हे कलेक्टर कचेरीत कारकून. घरात सासूबाई, सासरे आणि धाकटे दीर. दहाव्या वर्षी लग्न होऊन आले, चौदाव्या वर्षी न्हाण आलं. मखरात बसवलं, आळीतल्या बायका जमल्या, ओटी भरली, गाणी झाली. किती ते कौतुक! आणि त्यानंतर—काहीच नाही. एक महिना कोरडा गेला, दुसरा गेला, तिसराही गेला.

सासूबाईंना आभाळ ठेंगणं झालं. मला जड भांडं उचलू देईनात. कैरी, चिंच, सायीच्या दह्याची वाटी, सगळं हातात. मला मळमळ नाही, चक्कर नाही, काही नाही. पण माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळणार, नाही का? मी गुपचूप चिंचा खाल्ल्या. मग एक दिवस अंगावरून जायला लागलं आणि कितीतरी दिवस थांबेचना. गर्भ गेला, म्हणाल्या. कुठला गर्भ! आलाच नव्हता तर जाईल कुठून? पण घरभर सुतक पडल्यासारखं झालं. मीच उंबऱ्यावर आपटले असणार, मीच तिन्हीसांजेला चिंचेखालून गेले असणार. पुढच्या वर्षी पुन्हा तोच खेळ. तेच कौतुक, त्याच चिंचा, तेच रक्त. त्या खेपेला सासूबाई शेजारणीला सांगत होत्या ते मी माझ्या कानांनी ऐकलं—"ही पोरगी गर्भ खाते हो."

सोळा वर्षांची होते मी. तुम्ही सोळाव्या वर्षी काय खात होता?

त्या दिवशी ठरवलं. यापुढे कावळा शिवो न शिवो, मी दर महिन्याला बाहेर बसणार.

आमच्याकडे बाहेर बसायची जागा मागच्या पडवीत. एक घोंगडी, एक तांब्या, एक थाळा. तीन दिवस कोणी आपल्याला शिवायचं नाही, आपण कोणाला शिवायचं नाही, आणि चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन घरात. विटाळशीजवळ कोणी येत नाही—म्हणजे ती खरी की खोटी हे बघायलाही कोणी येत नाही. आपलं लुगडं आपणच परसातल्या दगडावर धुवायचं, तिकडे कोणी ढुंकून पाहत नाही. विटाळाइतकं पक्कं कुलूप साहेबाच्या खजिन्यालाही नसेल. मी खूण धरली वद्य एकादशीची. एकादशीचा उपास सुटला की माझा कावळा ठरल्यासारखा शिवायचा. चिंचा बंद झाल्या, शिव्याही बंद झाल्या. सासूबाई चार बायकांत सांगायच्या की घड्याळ चुकेल, पण आमची सून चुकायची नाही.

आणि खरं यायचं तेव्हा? चार महिन्यांनी, कधी सहा महिन्यांनी यायचं, ते तीन दिवसांत आटपतंय कुठलं! चौथ्या दिवशी न्हाऊन मी सोवळ्यात चुलीपुढे बसायची आणि आत वाहतच असायचं. त्या हातचा नैवेद्य देवाने खाल्ला. सासऱ्यांनी खाल्ला. श्राद्धाचे ब्राह्मण जेवून, ढेकर देऊन, विडा खाऊन गेले. कोणाचं पोटसुद्धा दुखलं नाही. भाद्रपदात ऋषिपंचमीला आम्ही साऱ्याजणी आघाड्याच्या काड्यांनी दात घासायचो, बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून कंदमुळं शिजवायचो—विटाळात नकळत घडलेल्या दोषांसाठी. नकळत! माझं तर सगळं कळून-सवरून चाललं होतं.

थांबा, कबुली ही नव्हे. हे मी आजही करीन. त्या घराची तीच लायकी होती.

शरीर तेवढं माझं ऐकेना. हनुवटीवर राठ केस यायला लागले. दीर मस्करीत म्हणायचे, "वहिनी, माझ्याआधी तुम्हालाच मिशा!" आणि सगळे हसायचे. मीही हसायची, आणि न्हाणीत जाऊन चिमट्याने एकेक केस उपटून वर राख चोळायची. खाणं चिमणीचं, तरी अंग सुटत चाललेलं. मानेवर काळी घडी पडली, सालपट निघेपर्यंत घासली तरी जाईना. नीट घासत नाही, सासूबाई म्हणायच्या.

आता हे कसे होते ते सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला माझा पुरेसा राग यायचा नाही.

कचेरीतून येताना हे जांभळी नाक्यावरून भाजलेले चणे आणायचे. अंगरख्याच्या खिशात कायम चणे, चालताना कुडुम कुडुम आवाज. कचेरीत यांच्या मोडी अक्षराचं नाव होतं; नक्कल करायची तर यांनीच. आणि घरात? दिवसाउजेडी नवऱ्याने बायकोशी बोलायची सोय कुठे होती? पण मी बाहेर बसले की हे संध्याकाळी मागच्या अंगणात यायचे. चार हात लांब बसायचे. तिकडे कोणी फिरकायचं नाही, म्हणून आम्हाला बोलता यायचं. चण्यांची पुडी माझ्याकडे टाकायचे. आणि काठीने धुळीत अक्षरं काढायचे—अ, आ, इ. मी माझ्या बाजूच्या धुळीत बोटाने तीच गिरवायची. आज हे जे लिहिते आहे ना, ती अक्षरं तिथली. आमचा सगळा संसार त्या तीन दिवसांत झाला, चार हातांवरून. एकदा म्हणाले, "हे तीन दिवस आले की मला बरं वाटतं बघ." मी विटाळशी नव्हतेच. जवळ येऊन बसले असते तरी चाललं असतं. ते मला ठाऊक होतं, त्यांना नव्हतं.

पाळणा हलेना, तेव्हा सासूबाईंनी कल्याणहून वैद्यबुवांना बोलावलं. ओसरीवर सासरे, दीर, सुपारी खायला आलेले आळीतले दोघेतिघे आणि एका कडेला हे. मी माजघराच्या दाराआड. वैद्याने दाराबाहेर धरलेल्या माझ्या हाताची नाडी पाहिली, आणि मग विचारलं—मला नाही, सासूबाईंना.

"सूनबाई महिन्याच्या महिन्याला बाहेर बसतात ना?"

"अहो, पंचांग चुकेल, ती चुकायची नाही!"

"मग शेतात खोट नाही, काकू. बी बघायला हवं."

सगळ्यांदेखत. यांनी मान खाली घातली. म्हणाले, "बरं. औषध द्या." एवढंच. मला त्या 'बरं'चा अजून संताप येतो. अहो, ओरडायचं होतंत! त्या वैद्याचा बटवा अंगणात भिरकावायचा होता. निदान विचारायचं तरी—बुवा, तुम्हाला कसं कळलं?

आणि दाराआड मला काय वाटलं? वाईट वाटलं म्हणून लिहिणार होते. नाही. मला बरं वाटलं. छातीवरची धोंड उतरली. त्या घरात पहिल्यांदा बोट माझ्याकडे नव्हतं. दुपारी सासूबाईंनी माझ्या पानावर आपण होऊन तूप वाढलं, "बिचारी" म्हणाल्या, आणि मी ते तूप भातावर कालवून चवीने खाल्लं.

एक वाक्य बोलायचं होतं. मी खोटी बसते. बस, एवढंच. बोलले असते तर सवत आली असती आणि मी पडवीतच राहिले असते, बारा महिने. म्हणून नाही बोलले. यात न समजण्यासारखं काही नाही.

वैद्याने यांना पाऱ्याची मात्रा दिली, तुपातून घ्यायची. एक संपली की दुसरी, आधीपेक्षा जालीम. तोंडाला लाळ सुटायची, हिरड्या सुजून काळ्या पडल्या. पहिला दात चणा फोडताना पडला. हसले आणि चण्यांच्या खिशातच टाकला. मग दुसरा, तिसरा. तळ्याच्या पाळीवर बसणारे रिकामटेकडे ओरडायचे, "काय कारकून, पाळणा कधी? का लेखणी चालेना?" आणि मग खरोखरच लेखणी चालेना. हात कापायला लागला. ते मोत्यांसारखं अक्षर—कोंबडीने पाय ओढल्यासारखं झालं. साहेबाने नकला काढून घेतल्या आणि दप्तरं बांधायला बसवलं.

मी एकदा म्हटलं, चार हातांवरूनच, "इकडून औषध घेणं आता पुरे व्हावं." त्यावर म्हणाले, "अगं, मला काय हौस आहे? तुझ्यासाठी घेतोय." मी मान खाली घालून धुळीतलं अक्षर पुसलं. बघा, बोलायची संधी नव्हती असंही म्हणता येत नाही.

पुढे माझं रक्तच थांबेना. उभी राहिले की डोळ्यांपुढे काजवे, ओटीपोटात एका बाजूला सारखी कळ. माहेरपणाला म्हणून कल्याणला गेले तेव्हा मावशीने ओळखलं. कोणाला न सांगता ती मला मुंबईला बायकांच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे मडम डॉक्टरीण होती. मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी विचारलं—सासूला नाही, मला—तुमचं दर महिन्याला येतं का हो? वसईकडची एक नर्स मराठीत सांगत होती. आणि मी खरं सांगितलं. सगळं. परक्या बाईला, परक्या जातीच्या, परक्या देशाच्या बाईला किती सोपं गेलं!

तिने तपासलं, हात धुतले आणि सांगितलं. बीज तयार होतं त्या दोन्ही पिशव्यांवर गाठी आहेत, पाण्याने भरलेल्या. एक चांगलीच मोठी झाली आहे. म्हणून महिना चुकतो, म्हणून केस, म्हणून मूल नाही. गुंगी देऊन पोट उघडता येईल, गाठी काढता येतील, कदाचित पिशव्याही काढाव्या लागतील. मग रक्त थांबेल. मूल मात्र मग कधीच नाही. आणि जीव जाण्याचं भय आहे, ते लपवत नाही. शेवटी नर्स म्हणाली, "बाई, मालकांना घेऊन या. त्यांना सगळं समजावून सांगू, ते हो म्हणाले तरच हात लावू."

सगळं समजावून सांगू. ऐकलंत ना?

ठाण्याला परत येऊन मी महिनाभर विचार केला. मावशी निरोपावर निरोप धाडत होती. मी कळवलं, शस्त्राची भीती वाटते. ती बिचारी रडली, उलट निरोप धाडला, कोणाला वाटणार नाही? खोटं होतं ते. शस्त्राला मी मुळीच भ्यायले नव्हते. त्या टेबलावर मेले असते तरी सुटले असते. मी भ्यायले ते यांनी मडमेपुढच्या खुर्चीत बसून ऐकण्याला. दोष माझ्यात आहे, पहिल्यापासून होता, आणि तुमचे दात फुकट गेले—हे ती मडम सांगणार, नर्स मराठीत सांगणार, आणि ते माझ्याकडे बघणार. मी पोट फाडून घ्यायला तयार होते, तोंड उघडायला नाही. तेव्हा रक्त अंगावर काढत राहिले. एकादशी झाली की घोंगडी टाकून पडवीत बसले. संध्याकाळी ते आले, पुडी टाकली. त्यांना आता चणे चावत नव्हते, माझ्यापुरतेच आणायचे.

तुम्हाला वाटेल, हीच कबुली. मलाही वाटलं होतं, इथे थांबता येईल.

आईला मुलाचा दोष कुठला पटायला! सासूबाईंनी कल्याणची एक मुलगी पाहिली. मुलीचे वडील ठाण्याला आले. मी पोह्यांची ताटली घेऊन दारात उभी. यांनी त्यांना पोहे खाऊ दिले, पाणी दिलं, आणि मग बोळक्या तोंडाने स्पष्ट सांगितलं, "तुमची मुलगी सोन्यासारखी असेल. पण दोष माझ्यात आहे. एकीचं वाटोळं केलंय, दुसरीचं नाही करणार."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मला काही विचारलं. "तू सांग गं. तुझी ना आहे का? तू म्हणालीस तर तो ऐकेल."

आता मला ठाऊक होतं. संशय नव्हता, मडमेने तोंडावर सांगितलेलं होतं. त्या माणसाला मुलं होऊ शकत होती—त्याच वर्षी, त्या मुलीपासून. आणि सगळे माझ्याकडे बघत होते, हेही बघत होते, आणि यांच्या डोळ्यांत काय होतं सांगू? ओशाळेपण. माझ्यापुढे.

मी म्हटलं, "जशी इकडची इच्छा."

किती शहाणी सून! आळीभर नाव झालं माझं. नवऱ्यात दोष असून साथ सोडली नाही, सावित्रीच म्हणे. हळदीकुंकवाला मला पहिला मान. ती मुलगी पुढे ठाण्यातच, टेंभीवरच्या एका घरात दिली. कौपीनेश्वराला दिसायची, कडेवर एक, बोटाला एक, पुढे पळणारा एक. हे देवळात त्या पोरांना खिशातले चणे द्यायचे. कापत्या हातातून निम्मे खाली सांडायचे आणि पोरं वेचायची. मी शेजारी उभी राहून घंटा वाजवायची.

तुम्ही म्हणाल, तो काळच तसा होता. काळाला कशाला मध्ये ओढता? काळाने मला दाराआड उभं केलं, खरं. सासूबाईंनी चिंचा चारल्या आणि शिव्याही चारल्या, खरं. त्याचा राग माझा मी करते, तुम्ही नका करू. पण त्या दुपारी ओसरीवर कोणी माझं तोंड दाबलेलं नव्हतं. उलट, पहिल्यांदाच ते उघडायला सांगितलं होतं.

गेल्या वर्षी हे गेले. अग्नी दिला दिरांच्या मुलाने. न्हाव्याने माझं डोकं केलं. हनुवटीचे केस तेवढे राहिले, ते मी आता उपटत नाही. बाहेर बसते की नाही ते कोणी विचारत नाही. गाठ आहे तिथेच आहे, हाताला लागते.

हे जायच्या आदल्या दुपारी मी चणे खलबत्त्यात कुटून, दुधात कालवून भरवत होते. दोन घास घेतले आणि माझा हात धरला. जवळून. म्हणाले, "एक मागायचं राहिलंय. रागावू नकोस."

मी वाटी खाली ठेवली. मला वाटलं, यांना कळलं. एवढ्या वर्षांत कधीतरी कळलं असणार, आणि आता विचारणार. मला इतकं हायसं वाटलं! म्हटलं, विचारा एकदाचं. मी सांगते. आता सगळं सांगते.

त्यांनी दोन्ही हात जोडले. हात इतके कापत होते की तळवे एकमेकांवर टेकेनात. म्हणाले, "माझ्यामुळे तुला आई होता आलं नाही. मला क्षमा कर."

आणि मी म्हटलं, "केली."